कुरळ्या केसांचा घोडा म्हणजे कर्ली हॉर्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी नेवाडात राहते, अमेरिकेत. गेले तीन हिवाळे शनिवार-रविवार एका छोट्या तबेल्यात मदतीला जाते, तिथे दोन कर्ली घोड्या आहेत. त्यांचे फोटो टाकले की घरचे, मैत्रिणी, मैत्रिणींच्या सासरचे, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

हा खरंच घोडा आहे का? की पार्लरमध्ये नेऊन पर्म केलाय?

खरा आहे, जन्मतःच असा असतो. अंगावर मेंढीसारखे बारीक बारीक वळसे, आयाळीच्या बटा, कानाच्या आतसुद्धा कुरळे केस आणि पापण्यासुद्धा वर वळलेल्या. फोटोत मऊ खेळण्यासारखा दिसतो पण हात लावला की कळतं, खाली पक्का मजबूत घोडा आहे आणि वर हे एवढं जाड पांघरूण. जानेवारीत मी हातमोजा काढून मानेवर हात ठेवते तेव्हा बोटं पहिल्या पेरापर्यंत आत जातात आणि आत एकदम ऊब असते, आणि वरच्या वळशांवर मात्र बर्फाचे कण तसेच बसलेले असतात, वितळत नाहीत. म्हणजे अंगातली उष्णता बाहेर निसटतच नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं तिथंच उभी होते.

ही जात नक्की कुठली?

आज आपण जिला कर्ली म्हणतो ती नोंदणीकृत जात अमेरिकेतली, आणि तिची गोष्ट नेवाडातच सुरू होते. ऑस्टिन आणि युरेका अशी दोन छोटी गावं आहेत, हायवे ५० वर, मध्ये साधारण ७० मैल काहीच नाही, नुसते डोंगर आणि सेजची खुरटी झुडपं. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे थंडी कसली असेल बघा. तिथे डामेले नावाचं इटालियन मुळाचं कुटुंब गुरं पाळायचं. १८९८ मध्ये पीटर डामेले लहान होता, वडिलांबरोबर घोड्यावरून पीटर हॅन्सन डोंगरात गेला होता आणि तिथे त्यांना तीन घोडे दिसले, अंगभर कुरळे केस असलेले. कुठून आले कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून त्या भागातल्या रानटी घोड्यांत कुरळे घोडे अधूनमधून दिसत राहिले. १९३१ मध्ये त्यांनी असा एक पकडला, शिकवला आणि विकून टाकला, म्हणजे तोपर्यंत त्यांनाही यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मग १९३२ चा हिवाळा आला. भयंकर बर्फ. वसंतात घोडे गोळा करायला गेले तेव्हा जे जगलेले सापडले त्यात हे कुरळेच. पुढे १९५१-५२ ला परत तसाच हिवाळा आणि परत तेच. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात जास्त भिडतं की कोणी शोसाठी, दिसायला छान म्हणून ही जात निवडली नाही, बाकीचे मेले तेव्हा हे उभे राहिले म्हणून त्यांना कोणीतरी नीट बघितलं. त्यानंतर डामेलेंनी रानातून पकडलेला कॉपर डी नावाचा कुरळा नर वापरून मुद्दाम पैदास सुरू केली, पुढे एक अरबी आणि एक मॉर्गन जातीचा नरही आणला. आजच्या बऱ्याच कर्लींच्या वंशावळीत मागे मागे गेलं की डामेलेंचा घोडा निघतोच.

१९७१ मध्ये नेवाडातल्याच ईली गावात सनी मार्टिन या बाईंनी पुढाकार घेऊन अमेरिकन बश्कीर कर्ली रजिस्ट्री, म्हणजे या घोड्यांची नोंद ठेवणारी संस्था, सुरू केली. ती झाली नसती तर हे घोडे इतर जातींत मिसळून संपले असते असं मला वाटतं, कारण त्याआधी कुरळं शिंगरू जन्मलं की काहीतरी बिघाड आहे म्हणून लोक ते काढून टाकायचे.

बश्कीर म्हणजे रशियातला ना? मग अमेरिकन कसा?

हा गोंधळ नावामुळेच झालाय. बश्कीर लोक रशियात दक्षिण उरलच्या बाजूला राहतात, त्यांचे स्वतःचे घोडे आहेत, घोडीचं दूध आंबवून ते कुमिस नावाचं पेय करतात, ते घोडे त्यासाठीच प्रसिद्ध. १९३० च्या दशकात कुठेतरी छापून आलं की बश्कीर घोड्याला कुरळे केस असतात, इथल्या लोकांनी ते वाचलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नंतर नीट चौकशी केल्यावर कळलं की कुरळेपणा हे बश्कीर घोड्याचं लक्षणच नाही, त्या बाजूला कुरळे केस अधूनमधून दिसतात ते ताजिकिस्तानातल्या लोकाई जातीत. त्यामुळे आता बरेच लोक बश्कीर शब्द गाळतात आणि नुसतं कर्ली हॉर्स म्हणतात. मीही तेच म्हणते.

रशियन लोकांनी अलास्कामार्गे जहाजातून आणले, किंवा हिमयुगात सायबेरिया आणि अलास्का जोडणाऱ्या बेरिंगच्या भूमार्गाने चालत आले, असल्या गोष्टी तुम्हाला नेटवर सापडतील. पहिलीला पुरावा नाही. आणि दुसरी तर जमतच नाही कारण अमेरिकेतले मूळचे घोडे साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच नष्ट झाले, नंतरचे घोडे स्पॅनिश लोकांबरोबर आले.

मग डामेलेंच्या आधी कोणी बघितलेच नव्हते का?

बघितले होते ना, आणि हे फार कमी लोक सांगतात म्हणून मी मुद्दाम सांगते. लकोटा लोक, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात, दर वर्षाची आठवण एका चित्रात काढून ठेवायचे, त्याला हिवाळ्यांची मोजणी म्हणतात, एक हिवाळा म्हणजे एक वर्ष. त्यात १८०३-०४ च्या आसपासच्या वर्षाला कुरळ्या केसांचे घोडे शत्रू टोळीकडून पळवून आणल्याचं चित्र आहे, घोड्याच्या अंगावर छोटे छोटे वळसे काढलेत. म्हणजे अख्ख्या वर्षाची ओळख त्यांनी त्या घोड्यांवरून ठेवली. डामेलेंच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी.

आणि दक्षिण अमेरिकेतही होते. स्पॅनिश निसर्ग अभ्यासक फेलिक्स दे अझारा याने पराग्वेत कुरळ्या केसांचे घोडे जन्मतात आणि लोक ते बहुतेक मारून टाकतात असं नोंदवलंय, आणि चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात त्याचा दाखला दिलाय. त्यात एक बारकावा आहे, अशा घोड्यांची आयाळ आणि शेपूट आखूड असतात. हे लक्षात ठेवा, खाली आयाळीच्या प्रश्नात परत येईल.

याची अ‍ॅलर्जी होत नाही म्हणे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि यात लोकांची सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून जरा सविस्तर.

आधी अ‍ॅलर्जी कशाची असते ते समजून घ्या. केसाची नसते. घोड्याच्या कातडीचा कोंडा, लाळ, घाम यात काही प्रथिनं असतात, ती हवेत उडतात, आपल्या डोळ्यात नाकात जातात. त्यामुळे केस सरळ की कुरळा याने थेट फरक पडत नाही.

आता, ज्यांना घोड्याची अ‍ॅलर्जी आहे अशा बऱ्याच लोकांना कर्लीजवळ कमी त्रास होतो हा अनुभव खरा आहे, तो मी खोटा म्हणणार नाही. जर्मनीत अशा लोकांना नियमित कर्लीवर बसवून डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. पण २०१८ मध्ये जर्मनीतल्याच संशोधकांच्या एका गटाने ३२ जातींच्या घोड्यांच्या केसांचे २२४ नमुने तपासले, शिवाय २० कर्ली आणि २० क्वार्टर हॉर्स (ही एक सरळ केसांची अमेरिकन जात) यांना खरारा करताना माणसाच्या नाकात फिल्टर बसवून हवेतलं प्रमाण मोजलं. निकाल काय? कर्लीच्या केसांत ही प्रथिनं कमी तर नव्हतीच, उलट बहुतेक जातींपेक्षा जास्त होती. हवेत दोघांच्यात फरक नाही. आइसलँडिक घोडे आणि शेटलँड पोनी यांच्यात कितीतरी कमी. आणि एका घोड्यापासून दुसऱ्या घोड्यात तर हजारो पटींपर्यंत फरक निघाला.

म्हणजे लोकांना बरं वाटतं हे खरं आणि त्याचं कारण अजून सापडलेलं नाही हेही खरं. कर्लीची कातडी जास्त तेलकट असते त्यामुळे कोंडा हवेत कमी उडतो असं एक म्हणणं होतं, पण नाकातल्या फिल्टरने त्याला दुजोरा दिला नाही.

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला विकणाऱ्याने शंभर टक्के गॅरंटी आहे म्हणून सांगितलं होतं. मुलगी दहा वर्षांची, पहिल्या दिवशी काही नाही, सगळे खूश, चौथ्या दिवशी डोळे सुजून बंद. घोडी परत द्यावी लागली आणि ती पोरगी आठवडाभर रडत होती. कोणी गॅरंटी दिली तर तिथून निघा, एवढंच सांगेन.

मग अ‍ॅलर्जी असेल तर कर्ली घ्यायचाच नाही का?

असं नाही. पण जातीवर विश्वास ठेवून घेऊ नका, त्या एका घोड्याला तपासून घ्या. आधी डॉक्टरांना विचारा, दमा असेल किंवा कधी घसा सुजून श्वास अडकला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तबेल्यात पाऊलसुद्धा टाकू नका. परवानगी मिळाली तर त्याच घोड्याकडे जा, उघड्यावर, आधी दहा मिनिटं, मग परत दुसऱ्या दिवशी, मग स्वतः खरारा करा, मग घामेजलेला असताना जवळ उभे राहा. तीन चार आठवडे असं करा. एका भेटीत काही झालं नाही म्हणजे होणार नाही असं नसतं.

त्याच संशोधनात अजून एक उपयोगी गोष्ट निघाली. नरांमध्ये ही प्रथिनं घोड्यांपेक्षा (म्हणजे माद्यांपेक्षा) कितीतरी जास्त असतात, आणि खच्ची केलेला घोडा आणि मादी यांच्यात फरक नाही. त्यामुळे निवडायचाच असेल तर घोडी किंवा खच्ची केलेला.

आणि गवत विसरू नका. पुष्कळदा माणूस शिंकत असतो ते जुन्या गवतातल्या बुरशीमुळे आणि धुळीमुळे, आणि नाव घोड्याचं जातं.

वर्षभर असाच कुरळा दिसतो का?

नाही, आणि जून-जुलैत येणारे पाहुणे म्हणूनच नाराज होतात. उन्हाळ्यात केसांचा जाड कोट गळून जातो, अंग जवळजवळ गुळगुळीत होतं, नीट बघितलं तर हलकी लाट दिसते. कुरळेपणा बघायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. प्रत्येकाचा प्रकारही वेगळा, कोणाचं अंग चुरगळलेल्या मखमलीसारखं, कोणावर एकाखाली एक लाटा, कोणावर घट्ट छोट्या गुंडाळ्या. आमच्या दोघीतली मोठी लाटांवाली, धाकटी गुंडाळ्यांवाली. दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे विशेष.

आयाळ पूर्ण गेली, आजारी आहे का?

बहुतेक वेळा नाही. काही कर्लींची आयाळ दर उन्हाळ्यात गळते आणि हिवाळ्यापर्यंत परत येते, एखाद्याची शेपटीसुद्धा पातळ होते. डार्विनच्या दाखल्यातली आखूड आयाळ आठवली? कदाचित तीच ही गोष्ट. कातडी लाल झाली असेल, खाजवून खाजवून घासत असेल, खपल्या असतील तर मात्र डॉक्टरला बोलवा, ते नेहमीचं गळणं नाही.

शेपूट पातळ असणाऱ्यांना माश्यांचा फार त्रास होतो कारण झटकायला काही नसतं. आम्ही त्यांना माशीची जाळी आणि बारीक झूल घालतो.

खरारा कसा करायचा? आयाळ विंचरायची का?

आयाळ विंचरू नका. एकदा एका नव्या मुलीने प्रेमाने धाकटीची आयाळ लोखंडी कंगव्याने विंचरली, अर्ध्या तासात बादलीभर केस खाली आणि मानेवर ठिकठिकाणी नुसती कातडी. घोडी बिचारी शांत उभी होती. त्या बटा बोटांनी सोडवायच्या, ओल्या असताना, थोडं थोडं. अंगाला मऊ रबराचा खरारा पुरतो, चिखल पूर्ण वाळू द्यायचा आणि मग झटकायचा, ओला चिखल रगडला तर वळशांत जाऊन बसतो. हिवाळ्यात जास्त आंघोळ नको, एवढा जाड कोट लवकर वाळत नाही.

दोन कर्लींचं शिंगरू सरळ केसांचं जन्मलं, असं कसं? फसवलं का?

फसवलंच असेल असं नाही. कुरळेपणाचा गुण प्रबळ आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून जनुक आलं तरी केस कुरळे होतात. पण आईबाप दोघांकडे एक कुरळं आणि एक साधं जनुक असेल तर चारात एक शिंगरू सरळ केसांचं निघायची शक्यता असते. असे सरळ केसांचे कर्लीसुद्धा असतात, स्वभावाने अगदी आपल्या भावंडांसारखे आणि किमतीला कमी.

कुठलं जनुक ते आता बऱ्यापैकी कळलंय. २०१७ मध्ये केराटिन २५ हे केसाच्या मुळाशी काम करणारं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बदल सापडला, २०१८ मध्ये एसपी ६ नावाच्या दुसऱ्या जनुकातला. केराटिनवाल्या बदलाने कुरळेपणाबरोबर आयाळ-शेपूट विरळ होते, दुसऱ्याने नुसता कुरळेपणा येतो, आणि एकाच घोड्यात दोन्ही असले तर केराटिनवाल्याचं चालतं. पैदास करणार असाल तर केस पाठवून तपासणी करून घ्या आणि मगच जोडी लावा.

आमचा म्हातारा घोडा अचानक कुरळा झालाय, तोही कर्ली का?

नाही! हे कृपया गंभीरपणे घ्या. वय झालेल्या कुठल्याही जातीच्या घोड्याला लांब वळलेले केस यायला लागले, उन्हाळ्यातही कोट गळला नाही, पाणी खूप पितो, लघवी खूप, पाठीवरचं मांस उतरलंय, तर हा कुशिंगचा आजार असू शकतो. मेंदूच्या खालच्या ग्रंथीचा बिघाड असतो तो. रक्त तपासून कळतं, पेरगोलाइड नावाचं औषध रोज द्यावं लागतं आणि त्याने घोडा कितीतरी वर्षं चांगला राहतो. दुर्लक्ष केलं तर खुरांना सूज येऊन घोडा उभा राहू शकत नाही. माझ्या माहितीत एकांना असाच म्हातारा आजारी घोडा कर्ली म्हणून विकलेला आहे. खरा कर्ली जन्मापासून कुरळा असतो आणि उन्हाळ्यात कोट टाकतो, हा फरक पाठ करून ठेवा.

उंची, चाल, कामाला कसा?

उंची बहुतेकांची १४ ते १५ हात, घोड्याचा हात म्हणजे चार इंच. लांब पल्ल्याची रपेट, लहान मुलांना शिकवणं, अपंग मुलांसाठीची घोडेस्वारी, सगळीकडे दिसतात. काहींना जन्मतः रवाल चाल असते, आपल्याकडे जुने स्वार जिच्यासाठी जास्त पैसे मोजायचे तीच, दुडकीसारखे हिसके नाहीत, पाठ हलतच नाही. मोठीला ती आहे. तिच्यावर बसून मी पहिल्यांदा दोन तास गेले आणि दुसऱ्या दिवशी कंबर दुखली नाही.

स्वभावाने गरीब असतात हे खरं?

माझा अनुभव तरी तसाच. बिचकला तर बाकीचे घोडे आधी पळतात, हे थांबून बघतात. पण गरीब आहे म्हणून न शिकवता पोराला वर बसवू नका, शेवटी चारशे किलोचं जनावर आहे.

महाराष्ट्रात आणला तर जगेल का?

उन्हाळ्यात कोट टाकतो त्यामुळे नुसत्या गरमीने मरणार नाही, नेवाडातही उन्हाळा कडक असतो. पण तो कोरडा. कोकणातला पाऊस आणि दमट हवा या कोटाला अजिबात सोसणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि खरं सांगू, ज्याला घोडा हवाय त्याने आपला भीमथडी बघावा. दख्खनच्या हवेत वाढलेला, काटक, आणि २०२४ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळालीये. त्यालाही आज माणसांची तितकीच गरज आहे.

अंगावर एवढे वळसे, मग भोवरे कसे बघायचे? शुभ-अशुभ?

हा प्रश्न माझ्या मामांचा, ते सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाणारे. भोवरा वेगळा आणि कुरळा केस वेगळा. भोवरा म्हणजे केस एका बिंदूभोवती फिरून उगवतात, तो कर्लीच्या कपाळावरही असतोच, उन्हाळ्यात कोट गेला की स्पष्ट दिसतो. धाकटीच्या गळ्यावर एक आहे, मामांनी फोटो मोठा करून बघितला आणि देवमण आहे म्हणाले, म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा, फार आनंद झाला त्यांना.

गळलेल्या केसांचं काय करता?

काही लोक त्याची सूत कातून टोप्या, मफलर करतात, मेंढीची लोकर थोडी मिसळली की चांगलं धरतं. आम्ही कुंपणाला अडकवून ठेवतो. एप्रिलमध्ये पक्षी घरट्यासाठी घेऊन जातात.

शिंगरू जन्मल्या जन्मल्या कुरळं असतं का?

हो. मागच्या मे महिन्यात मोठीला झालं तेव्हा मी तिथेच होते, पहाटेचे सव्वाचार. ओलं होतं तेव्हाच अंगावर ओळीने लाटा दिसत होत्या, आई चाटत गेली तसतसं एकेक वळण वर आलं. कान आतून पूर्ण भरलेले, पापण्या वर वळलेल्या, आणि मिशासुद्धा वाकड्या. पन्नास मिनिटांनी उभं राहिलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा दूध सापडलं.